हुरड्याची हजेरी

१० जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षाच्या डायऱ्या आज वाटल्या. मालकांनी, म्हणजे काकासाहेबांनी, ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून एकेकाच्या हातात दिल्या. माझी रेक्झिनची, वर कारखान्याचं नाव सोनेरी अक्षरांत, आतला कागद इतका पातळ की शाई मागच्या पानावर उमटते. सिमरनला मात्र मुंबईच्या गिऱ्हाइकानं पाठवलेली चामड्याची. "तुला मीटिंगला लागेल," म्हणाले. बरोबरच आहे. मला कसल्या मीटिंगा! मी हजेरी घ्यायची, रजा मांडायच्या, कटिंगच्या बायकांना एप्रन आणि टोप्या वाटायच्या. सोळा वर्षं तेच करतेय.

म्हणून ठरवलं, ही डायरी कपाटात टाकायची नाही, रोज लिहायची. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही.

तर खरं लिहिते. मला ती मुलगी सहन होत नाही.

राहात्यात पेरूच्या गराचा हा कारखाना सुरू झाला तेव्हा पत्रे ठोकले जात होते, त्या दिवसापासून मी इथं आहे. नवं ऑफिस बांधलं तेव्हा काकासाहेब गवंड्यासमोर म्हणाले होते, "ही काचेची केबिन पंकजाची." काच बसली, एसी बसला, आणि सव्वा वर्षापूर्वी सिमरन आली. सत्तावीस वर्षांची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. पहिल्याच दिवशी केबिनमध्ये जाऊन बसली. तिची काय चूक, तिला बसवलं. पण बसली ना!

त्यातून वागायला गोड. "ताई, जेवलात का?" रोज विचारते. वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

आमचे हे, म्हणजे ज्ञानेश्वर, कंपनीचाच टेम्पो चालवतात. काल जेवताना म्हणाले, "ती पोरगी लई हुशार हाय. गर आंबला का न्हाई ते नुसत्या वासावरनं सांगती." मी म्हटलं, तुमच्या शर्टाचा वास ओळखायला मला डिग्री लागत नाही. आधी अंघोळ करा.

१५ जानेवारी, बुधवार

रविवारी हुरडा. देवळाली प्रवऱ्याजवळ काकासाहेबांचं रान आहे, तिथं दर जानेवारीत सगळ्या कारखान्याला घेऊन जातात. गेल्या वर्षी निम्मे लोक आलेच नव्हते. काकासाहेब चिडले होते, "माणसंच येत नसतील तर कणसं काय बैलांसाठी भाजू?"

दुपारी सिमरन माझ्या टेबलाशी आली. "ताई, सोमवारी माझी पुण्याला परीक्षा आहे, अन्नसुरक्षेची. रविवारी घरी थांबून अभ्यास करू का? काकासाहेबांना विचारलं तर म्हणाले, पंकजाला विचार."

एक क्षण बरं वाटलं. कुणीतरी मला विचारायला आलं. 'थांब की' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण परीक्षा म्हटलं आणि मला पुढचं दिसायला लागलं. आता ही आणखी एक सर्टिफिकेट आणणार, ते केबिनमध्ये लटकवणार, आणि मी बाहेरून काचेतून ते वाचणार.

"सगळ्यांना नियम एकच," मी म्हटलं. तोवर असा काही नियम नव्हता. मग तो करावा लागला. सुट्टीच्या वेळी गेटवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "रविवारी हुरड्याला हजेरी घेणार. येणार नाही त्याचा खाडा धरणार. अंगठ्याचं मशीन मी तिकडं आणतेय." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काकासाहेब गाडीत बसत होते. ते थांबले आणि म्हणाले, "ऐकलं ना? ऑफिस सांगतंय म्हणजे मीच सांगतोय."

सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्या शब्दाला एवढं वजन आलं. सिमरन मान हलवून गेली.

१९ जानेवारी, रविवार

सिमरन भाजली. दोर सुटला आणि ती आगटीत पडली. हे तिला टेम्पोतून हॉस्पिटलला घेऊन गेले, अजून आलेले नाहीत. आज लिहवत नाही.

२० जानेवारी, सोमवार

नीट लिहून ठेवते, नाहीतर लोक काहीच्या काही बोलतात.

सकाळी कंपनीचा टेम्पो आणि दोन जीप भरून गेलो. मशीन माझ्या मांडीवर. शेतात लाइट नाही, पण ते बॅटरीवर चार-पाच तास सहज चालतं. बाजेवर ठेवलं आणि सांगितलं, आधी अंगठा, मग हुरडा. कडूबाई, कटिंगची मुकादम, तोंडाची फटकळ. म्हणाली, "पंकजाताई, कनसाचा बी अंगठा घेता का?" सगळे हसले. काकासाहेबांनी मशीनशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. सिमरनही आली होती, पिशवीत पुस्तक घेऊन.

बांधाच्या कडेला खड्डा खणून आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, खरपूस वास सुटला की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. लसणाची चटणी, दही, गोडीशेव. शेतकऱ्याच्या घरची लेक मी, आणि कौतुक कुणाचं? सिमरनचं. "बघा, हिला कुणी शिकवलं? कसे दाणे मोकळे करते!" काकासाहेब तिच्या हातचा हुरडा मागून मागून खात होते. माझ्या समोरचं ताट तसंच पडलं होतं.

जेवणं झाली तशी आगटीवर राख चढली. वरून करडी, थंड दिसत होती. मग रस्सीखेच. एका बाजूला कटिंगच्या सहा बायका आणि मी सगळ्यात पुढं. दुसऱ्या बाजूला पॅकिंग आणि लॅब, शेवटी सिमरन, ओढणी कमरेला बांधून. पाय घसरू नये म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. आम्ही हरत होतो. मग दोर सुटला. ती बाजू एकमेकींवर मागं कोसळली. आधी सगळे हसले. मीही हसले. मग सिमरन ओरडली.

उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत राखेत गेला होता, आणि सावरायला टेकलेला उजवा हात. राखेखाली सगळे निखारे जिवंत होते.

कुणाचाच दोष नाही. खेळात असं होतं.

२२ जानेवारी, बुधवार

काकासाहेबांनी आत बोलावलं, दार लावून घेतलं. चहासुद्धा मागवला.

म्हणाले, वकिलाशी बोलणं झालंय. हुरडा म्हणजे सहल. लोक आपल्या हौसेनं आले, खाल्लं, खेळले. त्यात कुणाला लागलं तर तो कामावरचा अपघात होत नाही. कामगारांचा विमा आहे आपला, पण तिकडं कामावरचा अपघात म्हणून कळवलं की चौकशी लागते, कारखान्याची तपासणी लागते, दुबईचं गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं. "मी तिला काही कमी पडू देणार नाही. घरी फळं पाठवलीत. पण कागदावर नको."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू ते मशीन कशाला नेलंस गं? त्या दिवसाची हजेरी काढून टाक. पासवर्ड तुझ्याकडंच आहे."

मी चहावरची साय बाजूला काढली.

"आणि ती काही दोन-तीन महिने येत नाही. उद्यापासून काचेच्या केबिनमध्ये बस तू. पुढचं पुढं बघू."

मी "बरं" म्हटलं. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, बाहेर आले तेव्हा मला आनंद झाला होता. जिन्यावरून उतरताना मी गुणगुणत होते.

हजेरी अजून काढलेली नाही. संध्याकाळी लाइट गेली होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस केबिनमध्ये बसतेय. एसीनं गुडघे दुखतात. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली, माझे पाय जमिनीला लागत नाहीत. कटिंगच्या बायका काचेतून बघतात आणि बघून न बघितल्यासारखं करतात.

टेबलाच्या काचेखाली तिच्या अक्षरात एक कागद आहे. नव्या वर्षात करायच्या गोष्टी. लॅबचा फ्रिज दुरुस्त. बायकांना हातमोजे चांगले. चौथी ओळ अशी: 'काकासाहेबांशी बोलणे, आत दुसरं टेबल बसेल. पंकजाताई बाहेर उन्हात बसतात.'

काय उपकार! माझ्याच केबिनमध्ये मला टेबल देणार होती. कागद काढून चुरगळला. मग पुन्हा सरळ केला आणि होता तिथं ठेवला, उगाच कुणी विचारलं तर.

हजेरीचं राहूनच गेलं.

२८ जानेवारी, मंगळवार

हे रोज संध्याकाळी हॉस्पिटलला जातात. डबा मी करून देते, म्हणजे द्यावाच लागतो. आज म्हटलं, "तिला आई आहे की. तुम्हाला काय एवढं पडलंय?"

हे हात धूत होते. न वळता म्हणाले, "उचलली तवा तिच्या पायाचं कातडं माज्या हाताला चिकटलं व्हतं. तुला काय सांगू?"

मी भाजी ढवळत राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "दोर कसा काय सुटला गं? तुमी सात जनी व्हत्या."

"माझा हात सुटला."

"एकटीच्या हातानं दोर सुटत न्हाई," म्हणाले आणि डबा घेऊन गेले.

बायको घरात आहे, तिच्याशी कधी अशी चौकशी नाही. मला ताप आला होता दिवाळीत, तेव्हा गोळी आणून उशाशी ठेवली आणि टेम्पो घेऊन नाशिकला गेले. तिच्यासाठी मात्र रोज वीस किलोमीटर. हे लिहिताना माझं मला कळतंय की मी एका भाजलेल्या मुलीशी बरोबरी करतेय. कळून काय उपयोग, जळफळाट थांबत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटी जाऊन आले. नाही गेलं तर बरं दिसत नाही.

तिची आई, फरीदाभाभी, राहात्यातच ब्लाउज शिवतात. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून एका ब्लाउजला हुक लावत होत्या. मला बघून उठल्या, जागा दिली, बाहेरून चहा आणला. "सिमरन नेहमी सांगते, पंकजाताई आहेत म्हणून बायका टिकल्यात," म्हणाल्या. मी कप तसाच खाली ठेवला.

नर्स पट्टी बदलायला आली. मी बाहेर जायला उठले, पण ती म्हणाली, थांबा हो, हात धरायला कुणीतरी हवंच. फरीदाभाभींना बघवत नाही. म्हणून तिचा डावा हात मी धरला. तिनं ओरडायचं नाही असं ठरवलं असावं. माझ्या बोटांवर तिच्या नखांच्या खुणा अजून आहेत. उजव्या हाताची बोटं आत वळायला लागलीत. डॉक्टर म्हणतात, मांडीचं कातडं काढून तळहाताला लावायला पाहिजे, पंधरा दिवसांच्या आत. नाहीतर मूठ उघडायची नाही. ऑपरेशन मोठं आहे. कामावरचा अपघात म्हणून कंपनीनं मान्य केलं तर विम्यातून होईल, नाहीतर फरीदाभाभींनी शिलाई मशीन विकलं तरी भागणार नाही. काकासाहेबांची फळं टेबलावर होती. सफरचंदं.

निघताना सिमरननं एवढंच विचारलं, "ताई, त्या दिवशीची हजेरी मशीनमध्ये आहे ना?"

"बघावं लागेल," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला तिचं ते बघणं आवडलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

विमा कंपनीचा चौकशी अधिकारी मंगळवारी येणार. सिमरननं स्वतःच अर्ज पाठवलाय, डाव्या हातानं सही करून.

आज संध्याकाळी कडूबाई घरी आली. दारातच उभी, आत येईना. "ताई, सायेब आमाला बी इचारतील. आमी काय सांगायचं?"

"काय विचारतील?"

"आवं, तुमीच म्हनल्या व्हत्या, मी तीन म्हनलं की सोडा म्हून. आमी सोडला. चेष्टाच व्हती ती, माज्या मनात काय बी नव्हतं. पर पोरीचा हात गेला ना, ताई. मला जेवान जाईना."

मी तिला सांगितलं, कुणी विचारलं तर दोर निसटला म्हणायचं. ती डोळे पुसत गेली.

आता लिहायलाच हवं. हो, मी म्हटलं होतं. आम्ही हरत होतो, काकासाहेब तिच्या बाजूनं उभे राहून "शाब्बास सिमरन" म्हणून ओरडत होते. मी मान मागं वळवून बायकांना म्हटलं, तीन म्हटलं की सोडा. मला एवढंच हवं होतं की तिनं सगळ्यांसमोर मातीत बसकण मारावी आणि लोकांनी हसावं. एवढंच. दोर सोडणं काही नवीन नाही, लग्नकार्यात पोरं करतात.

आगटी तिच्या मागं आहे हे मला माहीत होतं का? सकाळी गोवऱ्या कुठं रचायच्या ते मीच दाखवलं होतं. पण तेव्हा आठवलं नाही. देवाशपथ आठवलं नाही. बहुतेक.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काकासाहेब एका मुलाला घेऊन आले. त्यांचा भाचा. पुण्याहून काहीतरी शिकून आलाय. मला म्हणाले, "पंकजा, केबिन जरा मोकळी करून दे. सोमवारपासून हा बसेल."

"आणि मी?"

"तू तुझ्या टेबलाशी. तुझ्याशिवाय हजेरी कुणाला जमणार?" असं म्हणून हसले. भाचाही हसला.

सोळा दिवस. सोळा वर्षं थांबून मला ती खुर्ची सोळा दिवस मिळाली. माझी पिशवी, पाण्याची बाटली आणि चष्म्याची पेटी उचलली. सिमरनचा कागदही काचेखालून काढून घेतला, त्या पोरानं वाचायला नको म्हणून.

जाता जाता काकासाहेबांनी विचारलं, "ते मशीनचं काम झालं ना?"

"झालं," मी म्हटलं.

झालेलं नाही. गेले सतरा दिवस रोज काहीतरी निमित्त निघतंय. आज संध्याकाळी सगळे गेल्यावर मशीनसमोर बसले, पासवर्ड घातला, एकोणीस जानेवारी काढली. नावांच्या रांगेत तिचं नाव एकविसावं, वेळ दहा वाजून चार मिनिटं. आणि मी पुसायचं सोडून छापून घेतलं. दोन पानं झाली.

मला उगाच सज्जन व्हायचं नाही. केबिन माझी राहिली असती तर मी हे छापलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. काकासाहेबांवरचा राग आहे हा. निव्वळ राग. तो राग मी पर्समध्ये घडी घालून ठेवलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं आजच लिहिते.

अधिकारी अकराला आले. साधा माणूस, चष्मा कपाळावर, बोलायला शांत. काकासाहेब, त्यांचे वकील, मी, कडूबाई. फरीदाभाभींनी सिमरनला चाकाच्या खुर्चीतून आणलं. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर. ऑफिसच्या पायऱ्यांवरून खुर्ची ह्यांनी आणि पॅकिंगच्या पोरांनी उचलून आणली.

काकासाहेब म्हणाले, "साहेब, ही आमची घरगुती पद्धत आहे. हुरड्याच्या दिवसांत माणसांना रानात नेतो. यायचं त्यानं यावं. सक्ती कसली? सुट्टीचा दिवस होता."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "हजेरी तुम्ही बघता ना? त्या दिवशी काही नोंद?"

काकासाहेब निवांत बसले होते. मी पर्स उघडली आणि ती दोन पानं टेबलावर ठेवली. "सत्तावन्न लोकांचे अंगठे आहेत," मी म्हटलं. "मशीन मी शेतात नेलं होतं. येणार नाही त्याचा खाडा धरणार असं गेटवर सांगितलं होतं. काकासाहेब तिथंच होते. ऑफिस सांगतंय म्हणजे मीच सांगतोय, असं म्हणाले. सिमरनला यायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. मी सोडलं नाही."

काकासाहेबांचा चेहरा मला बघवला नाही. सोळा वर्षं ज्या माणसानं एकदा 'शाब्बास पंकजा' म्हणावं म्हणून मी धावले, त्याच्याकडं मी आज बघू शकत नव्हते.

वकील मात्र तयारीचे. लगेच म्हणाले, "साहेब, हजेरी घेतली असेल. पण आमच्या कानावर असं आलंय की दोर मुद्दाम सोडला गेला. आपसातली चेष्टा. एकमेकींच्या खोडीला मालक कसा बांधील?"

कडूबाईनं माझा दंड धरला. अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला आणि सिमरनकडं वळले. "तुम्ही सांगा. दोर मुद्दाम सोडला का?"

मी बोलायला हवं होतं. उठून म्हणायला हवं होतं की मी मोजलं. मी टेबलाच्या कडेकडं बघत बसले.

"नाही," सिमरन म्हणाली. "माझाच पाय घसरला, म्हणून आमची बाजू गेली."

कडूबाई रडायला लागली. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग काकासाहेबांना म्हणाले, "गाडी कंपनीची, रान तुमचं, हजेरी तुमची, न येणाऱ्याचा खाडा तुमचा. आणि पेटती आगटी खेळाच्या मागं उघडी ठेवली. हा कामावरचाच अपघात आहे. मी तसाच अहवाल देतो. हॉस्पिटलला आजच कळवतो, ऑपरेशन थांबवू नका."

फरीदाभाभींनी पदरानं तोंड झाकलं. काकासाहेब उठले, माझ्याजवळून जाताना थांबले. "उद्यापासून गेटवर बस," एवढंच म्हणाले.

मी बाहेर आले. गेटजवळ सिमरन खुर्चीत एकटीच होती, फरीदाभाभी रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या होत्या. मला वाटत होतं, हिनं सगळ्यांसमोर मला वाचवलं. इतकं मोठं मन हिलाच का दिलं देवानं, याचाही मला हेवा वाटत होता. जवळ जाऊन म्हटलं, "सिमरन, तू माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही, ताई." आवाज अगदी साधा. "चेष्टा म्हटलं असतं तर माझा हात असाच राहिला असता."

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

"तुमचे ओठ मला दिसत होते. एक, दोन, तीन. मला वाटलं तुम्ही तुमच्या बायकांना जोर लावायला सांगताय. म्हणून तीनला मीही सगळा जोर लावला."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ती थांबली. मग विचारलं, "मी तुमचं काय घेतलं होतं, ताई?"

सव्वा वर्ष मी मनात यादी केली होती. केबिन, डायरी, काकासाहेबांचं शाब्बास, ह्यांचं कौतुक. त्यातलं एकही तिला सांगता येईना. रिक्षा आली. ह्यांनी तिला उचलून आत बसवलं, पाय जपून ठेवला. तिनं माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर हे खूश होते. बूट काढता काढता म्हणाले, "तू आज चांगलं केलंस. गेटवर तुमी दोघी बोलत व्हत्या. काय म्हनली ती?"

"थँक यू म्हणाली," मी सांगितलं.

"लई मोठ्या मनाची पोरगी हाय," हे म्हणाले.

आणि खरं लिहिते, एवढं सगळं होऊनही ते मला टोचलं.